डावी बाजू कोणाची, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मेंदूतल्या गाठींच्या शस्त्रक्रियेवर लेख आला होता. लेख सोपा आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते सोबतच्या चित्राबद्दल. पाव पान खाऊन बसलेलं रंगीत चित्र: काळ्यावर मेंदूचा आडवा छेद, त्यात लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांचे झुबके, एका अंगाला पांढुरकी गाठ. खाली ओळ, ‘डाव्या बाजूची गाठ व तिच्या कडेने जाणारे तंतू’. चित्रातही गाठ डावीकडेच. वाचणाऱ्याला वाटेल, जुळलं की. पण चित्राच्या उजव्या काठाला तांदळाच्या दाण्याएवढा एक इंग्रजी ‘आर’ आहे. सरळ ‘आर’ उजवा पाय पुढे टाकून उभा असतो. तुमच्या ‘आर’ने डावा टाकलाय.

मी बावीस वर्षं मुंबईत एका रुग्णालयाच्या एमआरआय विभागात काढली. टेक्निशियन म्हणून लागले, टेक्निशियन म्हणूनच बाहेर पडले. 2019 साली उभादांड्याला वडिलांच्या घरी परत आले. आता पेपर सावकाश वाचायला वेळ असतो, आणि नजर नको तिथे जाते.

आमच्या धंद्यातला रिवाज असा, की डॉक्टर रुग्णाच्या पायाशी उभं राहून बघतायत असं धरून चित्र मांडायचं. रुग्ण उताणा. त्यामुळे त्याची उजवी बाजू बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येते, आणि ‘आर’ही तिथेच येतो. म्हणजे मूळ चित्रात डावी गाठ कागदाच्या उजवीकडे दिसत असणार. पान लावताना कोणीतरी ओळ वाचली, चित्र पाहिलं, ‘अरे, हे उलटं आलंय’ म्हटलं आणि माउसच्या एका टिचकीत ते आरशासारखं फिरवलं. ज्याने केलं त्याने भल्यासाठीच केलं. मी त्या खुर्चीवर असते तर कदाचित तेच केलं असतं.

आणि काटेकोर बोलायचं तर तुमचं चित्र खोटंही म्हणता येत नाही. मेंदूवर संशोधन करणारे बरेच जण पायाकडून न बघता डोक्याकडून बघतात. त्यांच्या चित्रात डावं ते डावंच असतं. पण तुमचा पेपर हातात घेणारा कोणी डॉक्टर सवयीने ती गाठ उजवी समजणार आणि ओळ चुकली म्हणणार. शेजारी बसलेला शिक्षक सगळं बरोबर आहे म्हणणार. दोघांचंही चूक नाही. बघणारा कुठे उभा आहे ते छापलं नाही, एवढीच तुमची चूक.

एवढ्यासाठी मी पोस्टाचं तिकीट लावलं नसतं. पण हीच भली दुरुस्ती मी संगणकात होताना पाहिली आहे, एकदा माझ्याच हातून झाली आहे, आणि तिथे उलटा ‘आर’ दाखवायला कोणी नसतं. अलीकडे आपल्या जिल्ह्यातलीही मुलं इंजिनिअरिंगला जाऊन अशा मेंदूच्या डेटावर प्रोजेक्ट करतात. त्यांच्यासाठी चार ओळी लिहू द्या. लांबल्या तर कापा, पण आकडे कापू नका.

त्या चित्रातले धागे कोणी फोटोत टिपलेले नसतात. ते गणित करून काढलेले असतात, आणि गणित असतं पाण्याचं. मोकळं पाणी शरीराच्या उबेला 50 मिलिसेकंदांत कुठल्याही एका रेषेवर साधारण 17 मायक्रोमीटर इकडे किंवा तिकडे सरकतं. मेंदूत त्याला इतकी मोकळीक नसते. नारळाचं सोडण पाण्यात टाकून बघा. पाणी काथ्याच्या धाग्याच्या लांबीने भराभर चढतं, धागा ओलांडून आडवं जायला कुरकुरतं. मेंदूच्या पांढऱ्या भागातही तसंच. तेव्हा पाणी कुठल्या रेषेवर जास्त धावतं ते कळलं, की तंतू कुठे चाललाय ते कळलं.

हे मोजायला मोठ्या चुंबकाच्या पोटात आणखी तीन वेटोळी असतात. ती चालू केली की चुंबकत्वाला एका ठरावीक दिशेने उतार मिळतो, हाच ग्रेडियंट. एकदा उतार द्यायचा, जरा थांबून तोच हिशेब उलटा फेडायचा. जे पाणी जागच्या जागी राहिलं त्याचा हिशेब मिटतो, जे उताराच्या दिशेने सरकलं त्याचा मिटत नाही, आणि तिथे चित्र काळवंडतं. स्टेय्स्कल आणि टॅनर यांनी 1965 मध्ये ही युक्ती मांडली. पुढे 1994 मध्ये पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रत्येक ठिपक्यासाठी सहा आकडे काढले की पाण्याच्या धावण्याचा पूर्ण आकार हातात येतो. सहा अज्ञात म्हणजे निदान सहा वेगवेगळ्या दिशा हव्यात, शिवाय उतार न देता घेतलेलं एक चित्र. आम्ही तीस दिशा घेत असू. रुग्णाच्या कानात बोळे, डोक्याभोवती उशा, आणि तीस वेळा ती खडखड.

प्रत्येक चित्रामागे यादीत एक दिशा लिहिलेली असते. दिशा म्हणजे तीन आकडे: आडवा, पुढे-मागे, वर-खाली. सोबत उताराचा जोर सांगणारा चौथा, बहुधा 1000. सॉफ्टवेअरला चित्रं द्यायची आणि ही यादी द्यायची. चित्रं सगळे जपून देतात. घोळ होतो तो यादीत.

उदाहरण म्हणून 0.707, 0.707, 0 ही दिशा घ्या. कपाळ म्हणजे उत्तर आणि उजवा कान म्हणजे पूर्व धरलं, तर ही झाली ईशान्य. पाणी पुढे गेलं काय, मागे गेलं काय, चित्र तेवढंच काळवंडतं. म्हणून ईशान्य लिहा नाहीतर नैऋत्य लिहा, रेषा एकच. तिन्ही आकड्यांची चिन्हं एकदम उलटली तरी केस वाकडा होत नाही. पण पहिल्या एकाच आकड्याला उणे लागलं, की ईशान्येची वायव्य होते. मग ज्या रेषेवर आपण मोजलं आणि जिथे मोजलं असं सॉफ्टवेअरला सांगितलं, त्या दोन रेषा एकमेकींना काटकोनात!

आता गंमत बघा. पूर्व-पश्चिम रेषेचं पहिलं चिन्ह उलटलं तरी ती पूर्व-पश्चिमच राहते. उत्तर-दक्षिण तर ढळतच नाही. बिघडतात त्या फक्त मधल्या उपदिशा. पाणी किती एकमार्गी धावतं याचा जो आकडा काढतात, एफए म्हणतात त्याला, तो सगळीकडे अचूक येतो, कारण आकार तोच राहतो, फक्त आरशात गेलेला असतो. रंगसुद्धा फसवतात. डावं-उजवं लाल, पुढे-मागे हिरवं, वर-खाली निळं, अशी रीत आहे. पण रंग देताना उणे-अधिक बघतच नाहीत, त्यामुळे ईशान्य आणि वायव्य दोन्ही सारख्याच पिवळ्या. नकाशा सुंदर, रंग सुंदर, सरासरी बरोबर, गाईडची सही होते.

आमच्या वडिलांच्या एका खरेदीखतात असंच झालं होतं. चौदा गुंठे, क्षेत्र पैशापैशाने बरोबर. चतुःसीमेत मात्र पूर्वेस पाणंद आणि पश्चिमेस वहाळ असं पडलं होतं. जागेवर वहाळ पूर्वेला. लिहिणाऱ्याने बहुधा नकाशा उलटा धरला. तीसएक वर्षं कोणाला कळलं नाही, कारण जो तो क्षेत्र बघे. गडगा घालायला माणसं आली त्या दिवशी कळलं.

नकाशा उलटा धरायची सोय या यादीत भरपूर आहे. यंत्रातून चित्रं डायकॉम नावाच्या साच्यात बाहेर पडतात. तिथे पहिला आकडा रुग्णाच्या डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे, तिसरा डोक्याकडे. संशोधक मग ती चित्रं निफ्टी नावाच्या साच्यात बदलून घेतात (शेअरबाजारातली निफ्टी वेगळी; तिथेही दिशा चुकली की लोक रडतात). निफ्टीत पहिला आकडा उजवीकडे वाढतो, दुसरा पुढे, तिसरा डोक्याकडेच. इथेच दोन चिन्हं फिरली. पुढे एफएसएल हे ऑक्सफर्डचं सॉफ्टवेअर दिशा मागतं ती चित्राच्या स्वतःच्या अक्षांवर, म्हणजे ठिपके ज्या क्रमाने साठवलेत त्या हिशेबाने. वर त्याचा आणखी एक नियम: चित्र डाव्या हाताच्या रीतीने (बहुधा ठिपके रुग्णाच्या उजवीकडून डावीकडे मोजत) साठवलं असेल तर आकडे तसेच ठेवा, उजव्या हाताच्या रीतीने साठवलं असेल तर पहिल्याचं चिन्ह बदला. एमआरट्रिक्स हे दुसरं सॉफ्टवेअर म्हणतं, चित्र कसंही साठवा, मला खऱ्या जगातली दिशा द्या, उजवीकडे अधिक. एकाची यादी तीन ओळींची, दुसऱ्याची चार स्तंभांची. दोघांचे नियम आपापल्या जागी चोख आहेत. एकाची यादी दुसऱ्याच्या तोंडी घातली की मात्र ईशान्येची वायव्य झालीच म्हणून समजा.

माझ्या भाच्याने यंदाच्या मे महिन्यात नेमकं हेच केलं. पुण्यात शिकतो. आमच्याकडे शाकारणी चालू होती, अर्धं छप्पर उघडं, आणि हा पडवीच्या पायरीवर, कारण रेंज तिथेच येते. लॅपटॉप माझ्यासमोर धरून म्हणाला, “आत्ये, ह्या बघ. सगळे धागे आखूड येतत. डेटाच खराब आसा वाटता.”

बघितलं. कोळिष्टकं झटकल्यावर झाडूला उरतात तसे धाग्यांचे तुकडे. डेटा मोफत मिळणारा, कोणीतरी निगुतीने घेतलेला. एफएचा नकाशा स्वच्छ. रंग जागच्या जागी. दोन्ही अर्धगोलांना जोडणारा मोठा पूल मधोमध लालभडक, हवा तसा. म्हणजे डेटा खराब नव्हता. मी म्हटलं, “धागे सोड. ठिपक्या-ठिपक्यावर पाण्याच्या दिशेच्या रेघा काढून दाखव, आणि त्या पुलाचं पुढचं टोक मोठं कर.”

हे टोक मी हजार वेळा पाहिलंय. तंतू मधली रेषा सरळ आडवी ओलांडतात आणि मग दोन्ही अंगांनी कपाळाकडे वळतात, बैलाच्या शिंगांसारखे. उजव्या शिंगावर प्रत्येक रेघ ईशान्येला कललेली हवी, डाव्या शिंगावर वायव्येला. भाच्याच्या चित्रात शिंगांचा आकार होता, कारण एफए बरोबर होता. पण उजव्या शिंगावरच्या सगळ्या रेघा वायव्येकडे झुकलेल्या, डाव्यावरच्या ईशान्येकडे. त्याच वेळी वर मधू कौलं बसवत होता. मी बोट वर केलं. छप्पर एकीकडे उतरतंय आणि प्रत्येक कौल मात्र उताराला आडवं पडलंय, असं ते चित्र. धागा मधोमध निघतो, पूर्व-पश्चिम रेघांवरून चार पावलं सरळ जातो, शिंग वळायला लागलं की समोर आडवी रेघ येते. इतकं तीव्र वळण सॉफ्टवेअर घेत नाही, ते धागा तिथेच तोडतं. म्हणून आखूड.

“यादी कशी दिलीस?” तर याने एफएसएलची तीन ओळींची फाईल स्प्रेडशीटमध्ये टाकली, ओळींचे स्तंभ केले, चौथा स्तंभ चिकटवला आणि एमआरट्रिक्सला ‘ग्रॅड’ म्हणून दिली. दिसायला अगदी एमआरट्रिक्सची यादी. आकडा एकही चुकलेला नाही, आणि दिशा जवळपास सगळ्या चुकलेल्या. एफएसएलच्या फायली जशाच्या तशा देण्यासाठी त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘एफएसएलग्रॅड’ असा वेगळा पर्याय आहे. तो चित्राची साठवण बघून चिन्हं आणि अक्ष स्वतः बदलून घेतो. भाच्याने तेवढा शब्द बदलला. मध्येच लाईट गेली, पण बॅटरी होती. थोड्या वेळाने पडद्यावर पूल कमानीसारखा उभा राहिला, टोकाटोकापर्यंत. “आत्ये, तीन आठवडे गेले गे ह्येच्यात,” म्हणाला. मी म्हटलं, माझे चार महिने गेले होते, तेही दुसऱ्याचे.

ती गोष्ट जुनी आहे. एका संशोधक मुलीला आमच्या विभागातल्या तपासण्यांचा डेटा हवा होता. परवानग्या वगैरे झाल्या, चित्रं दिली. मग तिने दिशांची यादी मागितली. यंत्रात तीस दिशांची फाईल होती, ती मी उघडली. वरच्या ओळीत अक्षरं होती: निर्देशक पद्धत, आणि पुढे ‘पीआरएस’. तिच्या सॉफ्टवेअरला फक्त आकडे चालत होते. मी ती ओळ शीर्षक समजून पुसली आणि खालचे तीस ओळींचे आकडे पाठवून दिले. पी म्हणजे फेज, आर म्हणजे रीड, एस म्हणजे स्लाइस. हे आकडे रुग्णाच्या डाव्या-उजव्याच्या हिशेबाचे नव्हतेच, तपासणीचा छेद कसा घेतला त्या हिशेबाचे होते, हे सांगणारी ती एकच ओळ, आणि तीच मी पुसली.

त्या मुलीला काहीतरी चुकतंय हे कळलं, कारण तिचा पूल लालऐवजी हिरवा आला. हुशार होती, पहिले दोन स्तंभ आपसांत बदलले. पूल लाल झाला. तिला वाटलं सुटलं, मलाही वाटलं. चिन्ह उलटं राहिलंय हे रंगात दिसणार नव्हतं. पुढचे चार महिने ती त्या डेटावर धागे काढत बसली आणि ते कधी धड आले नाहीत. शेवटी तिच्या सरांनी ठिपक्यांवर रेघा काढायला लावल्या. मूळ डायकॉम चित्रांमध्ये प्रत्येकाच्या पाठीवर दिशा लिहिलेली होती. तिथून यादी पुन्हा काढली असती तर हा प्रश्नच आला नसता. तिने मला दूषण दिलं नाही. मीच तेव्हापासून फाईलीतली अक्षरांची ओळ पुसत नाही. किराणा दुकानाच्या बिलावरचीसुद्धा.

अक्षांची अदलाबदल सहा प्रकारे होऊ शकते. चिन्हांचे प्रकार आठ वाटतात, पण तिन्ही उलटली तर काही बदलत नाही आणि दोन उलटली तर तिसरं एकटं उलटल्यासारखंच, म्हणून चारच उरतात. सहा चोक चोवीस. एमआरट्रिक्समध्ये ‘डीडब्ल्यूआयग्रॅडचेक’ नावाची आज्ञा आहे, ती अशा सगळ्या शक्यता घेऊन धागे काढून बघते आणि ज्यात ते सरासरीने सर्वांत लांब येतात ती यादी खरी मानते. तर्क ढोबळ आहे पण चालतो. माझं मत विचाराल तर ती चालवा, आणि तरीही शिंगांवरच्या रेघा स्वतः बघा. पाठीच्या कण्यातून वर येऊन पंख्यासारखे पसरणारे तंतू समोरून दिसणाऱ्या उभ्या छेदात बघा. एका छेदाने भागत नाही. आडव्यात वर-खालीची चूक लपते, उभ्यात पुढे-मागेची.

डोकं हलणं हा आणखी एक उपद्व्याप. लहान मुलं तर हलणारच. नंतर संगणकात सगळी चित्रं एकमेकांवर बसवण्यासाठी फिरवतात. चित्र फिरवलं तेवढी त्याची दिशाही फिरवायला हवी, हे 2009 साली अलेक्झांडर लीमन्स आणि डेरेक जोन्स यांनी अख्खा लेख लिहून सांगितलं. एफएसएलचा ‘एडी’ हा भाग अशी फिरवलेली यादी वेगळी काढून देतो. बरेच जण तिच्याकडे न बघता पुढे जुनीच वापरतात.

आणि इथे मी तुमच्या चित्राकडे परत येते. तुमच्याकडे चित्र फिरवलं तेव्हा धागे आधीच रंगवून झाले होते, म्हणून ते चित्राबरोबर फिरले आणि ‘आर’ही फिरला. सगळे एकत्र फिरले, म्हणून गाठ ‘आर’च्या समोरच्या अंगालाच राहिली. संगणकात चित्र फिरतं आणि यादी मागे राहते. उलट, दोन्ही मिळून फिरली तर शिंगांवरच्या रेघा अगदी बरोबर दिसतील, चोवीस शक्यता तपासूनही काही सापडणार नाही, आणि तरी डावा मेंदू उजवा झालेला असेल. मेंदू दोन्ही अंगांनी इतका सारखा, की डोळ्याला कळत नाही. म्हणून संशोधनाच्या तपासणीत काही ठिकाणी रुग्णाच्या उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची गोळी चिकटपट्टीने लावतात. तेल एमआरआयमध्ये ठळक पांढरं दिसतं. चित्र कितीही वेळा फिरवा, ती गोळी उजव्यालाच राहते. मीही लावायची. एका आजोबांनी तपासणी झाल्यावर विचारलं होतं, ही आता गिळायची का.

वाचकांनी घाबरून जाऊ नये म्हणून एक सांगते. पक्षाघाताच्या रुग्णाची जी तातडीची तपासणी होते, तिच्यातही हेच ग्रेडियंट वापरतात, पण तिथे तीन आडव्या-उभ्या दिशांची सरासरी घेतात. सरासरीला ईशान्य-वायव्य कळत नाही, त्यामुळे हा घोळ तिथे पोहोचत नाही. यंत्राचं स्वतःचं सॉफ्टवेअरही आपल्या दिशा आपण जाणतं. अडचण येते ती डेटा एका घरातून दुसऱ्या घरात नेताना.

तेव्हा मुलांनो, यादी कोणाला देताना वर एक ओळ अक्षरांत लिहा: हे आकडे चित्राच्या अक्षांवर आहेत की रुग्णाच्या, आणि अधिक म्हणजे कोणाची कुठली बाजू. ज्याच्याकडून घ्याल त्यालाही विचारा. सांगता आलं नाही तर डायकॉमपासून पुन्हा काढा, स्प्रेडशीटमध्ये चिन्हं बदलत बसू नका. एक चिन्ह हाताने बदललेली फाईल कधीही मूळ नावाने जपून ठेवू नका. वर्षभराने तुम्हीच ती उघडाल, आठवेल की ‘इथे काहीतरी उलटं होतं’, आणि पुन्हा एकदा बदलाल.

तुम्हाला मात्र एवढंच सांगणं, की वैद्यकीय चित्र छापताना त्याखाली ‘चित्राच्या डावीकडे रुग्णाची उजवी बाजू’ किंवा जे असेल ते छापा. आठ-दहा शब्दांची जागा लागते. आणि ओळीशी चित्र जुळत नाही असं वाटलं तर फिरवण्याआधी लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांना एक फोन करा.

पुरवणीतलं कात्रण सोबत जोडलं आहे. ‘आर’भोवती लाल पेनाने गोल केलाय. तरी दिसला नाही तर कात्रण आरशासमोर धरा, आरशात तो सरळ वाचता येतो.

आपली,
एक निवृत्त एमआरआय टेक्निशियन,
उभादांडा, वेंगुर्ले

(नाव छापू नये ही विनंती. भाच्याने सांगितलंय, त्याचंही नको.)